मित्र, मैत्रीण आणि मनावरचं ओझं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी समुपदेशक नाही. डोंबिवलीत राहते, पंचवीस वर्षं लोकलने मुंबई गाठून नोकरी केली आणि कॉलेजपासूनचा एक मित्र अजून टिकवून आहे, एवढंच माझं भांडवल. भाच्या, मैत्रिणींच्या मुली, ऑफिसातली नवी पोरं आणि अलीकडे त्यांच्या आयासुद्धा फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते. काही उत्तरं लांबली आहेत, काही चार ओळींत आटोपली आहेत.

मुलगा आणि मुलगी नुसते मित्र असू शकतात का?

हो.

यातला 'नुसते' मात्र मला खटकतो. नुसता भात म्हणजे वर वरण नाही, तूप नाही. मैत्रीला कोणी नुसती म्हटलं की पानात काहीतरी वाढायचं राहून गेलंय असं वाटतं. तसं काही राहिलेलं नसतं.

ओमेरा नावाच्या एका अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली अशा मैत्रीपुढची चार कोडी मांडली होती. हे प्रेम नेमकं कोणत्या जातीचं; शारीरिक ओढीचं काय करायचं; बाहेर बाई-पुरुष समान नसताना दोघांत बरोबरी कशी राखायची; आणि चारचौघांत हे नातं दाखवायचं कसं. आपल्याकडची सगळी चौकशी दुसऱ्या आणि चौथ्या कोड्यावर अडते. 'त्यांच्यात काही आहे का?' आणि 'लोक काय म्हणतील?' तिसऱ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. माझ्या डोळ्यांदेखत ज्या मैत्र्या विस्कटल्या त्यातल्या बहुतेक त्या तिसऱ्यापायी. तो बोलत राहिला, ती ऐकत राहिली, आणि एक दिवस तिने फोन उचलणं बंद केलं.

भावनिक आधार म्हणजे नेमकं करायचं काय असतं?

बहुतेक वेळा हात चालू ठेवायचे आणि तोंड बंद.

मागे एकदा मित्राची नोकरी गेली होती. बायकोला माहीत होतं, आईला नव्हतं. तो रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होता. एका शनिवारी दुपारी आमच्याकडे आला. सोफ्याच्या कडेवर बसला, मॅचचा स्कोअर विचारला, पंखा वाढव म्हणाला. मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात खाली वर्तमानपत्र पसरून डाळिंब्या सोलत होतो. ज्यांनी कधी सोलल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते : वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून निसटवायचा. अर्धा किलो होईपर्यंत कंबर धरते. सासूबाईंनी पातेलं त्याच्यापुढे सरकवलं. "आलायस तर हात चालव."

तो मांडी घालून बसला. पहिली दहा मिनिटं त्याचे दाणे टुणकन उडून फ्रिजखाली जात होते आणि सासूबाई "अरे हळू, बंदूक आहे का ती" म्हणत होत्या. मग हात बसला. आणि पातेल्यात बघतच तो म्हणाला, "काल डबा ठाण्याच्या फलाटावर बसून खाल्ला."

पुढे तासभर बोलला. शेजारच्या बाकावरच्या माणसानेही डबा उघडला तेव्हा, हाही आपल्यासारखाच असेल का, असं त्याला वाटलं होतं. फोन वाजला की आईचा असेल म्हणून पोटात गोळा येत होता. आम्ही दोघींनी त्याला काय सांगितलं? काहीच नाही. सासूबाईंनी एकदा विचारलं, "आईला कधी सांगणारेस?" तो म्हणाला, "हे सोलून होऊ दे." निघताना जिन्यातच त्याने आईला फोन लावला, आवाज आमच्यापर्यंत येत होता.

पुरुषांना समोर बसवून 'बोल, काय झालंय' म्हटलं की ते गोगलगायीसारखे आत जातात. शेजारी बसवा, नजर दुसरीकडे राहू दे, हाताला काहीतरी काम द्या. गाडी चालवताना, टेकडी चढताना, लोकलच्या दारात उभं असताना पुरुष जे बोलतात ते घरातल्या सोफ्यावर बोलत नाहीत.

आणि आधार दरवेळी शब्दांचाच असतो असंही नाही. माझे बाबा आयसीयूत होते तेव्हा याच मित्राने धीराचं एक वाक्यही उच्चारलं नाही. रोज सकाळी सातला यायचा आणि म्हणायचा, "जा, आंघोळ करून ये. मी बसतो." अकरा दिवस.

पुरुष मित्र असताना तो सगळं मलाच का सांगतो?

कट्ट्यावर ते सांगायची सोय नसते म्हणून. 'काय रे, तोंड का पडलंय? बायकोने हाणलं काय?' एवढ्यावर विषय संपतो. यात प्रेम नाही असं मी म्हणत नाही. तेच मित्र रात्री तीनला रक्त द्यायला धावतात, कागदावर सही न घेता लाख रुपये काढून देतात. पण 'मला भीती वाटतेय' हे वाक्य टाकायला त्या कट्ट्यावर जागा नसते. टाकलं तर दुसरा दिवसभर नक्कल होते.

रोचेस्टर विद्यापीठात १९८३ साली व्हीलर, रीस आणि नेझलेक या तिघांनी विद्यार्थ्यांना रोजच्या भेटीगाठींच्या नोंदी ठेवायला लावल्या. मुलींसोबत जास्त वेळ घालवणारे कमी एकटे होते, मग ते स्वतः मुलगे असोत की मुली. मुलग्यांसोबत घालवलेल्या वेळाने एकटेपणात तसा फरक पडला नाही. जिथे बोलणं अर्थपूर्ण होतं तिथे मात्र पडला. म्हणजे दोष पुरुष असण्याचा नाही, काय बोललं जातं त्याचा आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यातले सुमारे ७२ टक्के पुरुष. राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर, २२,७४६. कारणं अनेक असतात : कर्ज, आजार, व्यसन, घरातली भांडणं. मैत्रीवर एवढं मोठं खापर कोणी फोडू नये. पण 'बोललाच नाही हो कधी' हे वाक्य आपण सुतकाच्या घरी किती वेळा ऐकतो, ते आठवून बघा.

तेव्हा तो तुम्हाला सांगतो ही चांगली गोष्ट. फक्त तुम्हालाच सांगतो, ही अडचण.

मी त्याची फुकटची समुपदेशक झालेय. काय करू?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला आणि नव्वद टक्के वेळा तो मुलींकडून आला. (टक्केवारी माझ्या अंदाजाची, कुठल्या अभ्यासातली नव्हे.)

'भावनिक श्रम' हा शब्द अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉखशील्ड यांनी १९८३ साली रुढ केला तो पगारी कामापुरता. विमानातल्या हवाई सुंदरीला पोटात कालवत असलं तरी हसत राहावं लागतं, तिचा पगार त्या हसण्याचाही असतो, असा तो मुद्दा. आता मैत्रीतल्या, संसारातल्या सगळ्याच ओझ्याला तो लावतात. तो तिथे चपखल बसत नाही, कारण मैत्रीत पगार नसतो. तिथे परतफेड असते, आणि तीच खुंटलेली असते.

आधी खरंच खुंटली आहे का ते तपासा. मित्र सहा महिने वाईट काळातून जात असेल तर तेवढे दिवस तराजू एका बाजूला झुकणारच. त्याचा हिशोब मांडायचा नसतो. मागच्या तीन वर्षांत तुमच्यावर काही वेळ आली तेव्हा तो कुठे होता, ते आठवा. तुमच्या आईचं ऑपरेशन कधी झालं हे त्याला माहीत आहे का? तुमचा बॉस कोण, तुम्हाला त्याचा काय जाच होतो, हे तो सांगू शकेल का? तुम्ही त्याच्या तिन्ही माजी प्रेयसींचे स्वभाव पाठ म्हणून दाखवू शकता आणि त्याला तुमच्या खात्याचं नावही आठवत नाही, तर मग बोलायला हवं.

बोलताना आरोपपत्र वाचू नका. 'तू नेहमी' ने सुरू झालेलं वाक्य भांडणावर जातं. माझ्या एका भाचीने काय केलं ते मला आवडलं. मित्राचा फोन आला आणि त्याने "ऐक ना" म्हटलं. ती म्हणाली, "ऐकते. पण आज आधी माझा नंबर. मला दहा मिनिटं बोलायचंय, मग तू." पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "अगं, तुला पण काही असतं का?" तिला एकाच वेळी हसू आलं आणि संताप आला. त्याचा दुष्टपणा नव्हता, त्याला खरोखरच कधी सुचलं नव्हतं. ती त्याच्यासाठी भिंतीतल्या नळासारखी होती, सोडला की पाणी. आता ते आळीपाळीने बोलतात. तो अजून ऐकताना मध्येच फोन चाळतो, पण चाळतो हे तिला कळतं आणि ती "ठेव तो" म्हणते.

दुसरं काम वाटून देण्याचं. 'हे तू तुझ्या भावाशी बोललास का? त्या तुझ्या रूममेटशी?' असं दरवेळी विचारा. पहिल्या चार वेळा तो नाही म्हणेल. विचारत राहा. कडेवरचं मूल खाली ठेवलं की रडतं, पण चालायला तेव्हाच शिकतं.

आणि हे सगळं करूनही तो बदलला नाही तर? मग फोन दरवेळी उचलायचा नाही. दर तिसऱ्या वेळी उचला. पाप लागत नाही.

रात्री दीडला मेसेज येतो : 'जागी आहेस?' उत्तर द्यायचं का?

रोज येत असेल तर सकाळी द्या. महिन्यातून एकदा येत असेल आणि तो माणूस एरवी रात्री मेसेज करणारा नसेल, तर तेव्हाच द्या. रात्री दीड वाजता सगळी दुःखं दुप्पट दिसतात. "आत्ता झोप, उद्या आठच्या लोकलला बोलू," असं मी लिहिते आणि उद्या आठला खरंच बोलते. दुसरा भाग पाळला नाही तर पहिला लिहू नये.

मैत्रीण रडत असते तेव्हा मी तिला उपाय सांगतो, तर ती उलट चिडते. का?

कारण उपाय तिलाही माहीत आहे. नोकरी सोड, सासूला स्पष्ट सांग, डॉक्टर बदल. एवढं तिला सुचलं नसेल असं तुम्हाला वाटतं, याचा तिला राग येतो.

एक साधा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या : "नुसतं ऐकू, का काही सुचवू?" पहिल्यांदा विचारताना कृत्रिम वाटेल. दुसऱ्यांदा ती आपणहून सांगेल, "आज नुसतं ऐक."

उलटही होतं हं. माझा मित्र एकदा म्हणाला, "तू दर वाक्याला 'हं, वाईट वाटलं असेल ना' म्हणतेस, त्याने मला जास्त वाईट वाटतं. त्या घरमालकाला काय लिहू ते सांग." तेव्हा आम्ही बसून घरमालकाला पत्र लिहिलं.

मनात वेगळं काही येऊ लागलं तर?

येतं. येऊ शकतं. त्यात मैत्री खोटी होती असं सिद्ध होत नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या ब्लेस्के-रेचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ८८ मित्र-मैत्रिणींच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलग्यांना मैत्रिणीबद्दल ओढ जास्त होती, आणि तिलाही आपल्याबद्दल तशीच आहे असा त्यांचा अंदाजही फुगलेला होता. दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे : अशी ओढ ही मैत्रीतली जमेची बाजू म्हणून सांगणारे थोडे, अडचण म्हणून सांगणारे जास्त. हा अभ्यास तिकडच्या तरुणांचा, तो जसाच्या तसा इकडे लावू नका. पण 'ती माझ्याशी इतकं बोलते म्हणजे तिच्या मनात काहीतरी असणारच' हा फुगलेला अंदाज डोंबिवलीतही मुबलक मिळतो.

मुलग्यांनो, कोणी मन मोकळं केलं म्हणजे आमंत्रण दिलं असं होत नाही. आणि खरंच वाटत असेल तर सांगा, पण ती रडत असताना नको. तिच्या वाईट दिवसात तुम्ही खांदा देता आणि त्याच खांद्यावरून प्रेमपत्र पुढे करता, हे तिला फसवणुकीसारखं वाटेल आणि ते बरोबरच आहे. थांबा. ती सावरली की सरळ, एकदाच सांगा. नाही म्हणाली तर थोडे दिवस लांब राहण्याची मुभा दोघांनाही आहे.

नवऱ्याला किंवा बायकोला काय आणि किती सांगायचं?

मैत्री आहे हे पूर्ण सांगायचं. मित्राची गुपितं सांगायची नाहीत. या दोन्हींत गल्लत होते आणि तिथे भांडणं लागतात.

शर्ली ग्लास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ भिंती आणि खिडक्यांची उपमा वापरत. जोडीदाराशी असावी ती खिडकी, बाहेरच्यांशी भिंत. घरात ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी भिंत उभी राहिली आणि मित्राकडे खिडकी उघडली, की घराची रचना उलटी झाली. मला ही उपमा थोडी कडक वाटते, कारण आपल्या वाड्यांना नि चाळींना खिडक्या चारी बाजूंनी असायच्या आणि तरी घर घर राहायचं. पण तिच्यातून एक प्रश्न चांगला मिळतो : नवऱ्याबद्दलची जी तक्रार मी मित्रापाशी करते, ती नवऱ्याला माहीत आहे का? माहीत असेल तर मित्रापाशी मन हलकं करणं ठीक. माहीत नसेल, तर मित्राला सांगून तुमची धग निघून जाते आणि घरातलं काम तसंच पडून राहतं.

माझ्या नवऱ्याला सुरुवातीला हे जड गेलं. त्याने कधी अडवलं नाही, पण मित्राचा फोन आला की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. मी एकदा विचारलं. म्हणाला, "तुम्ही हसता त्याचं काही नाही. तू रडतेस आणि मला दोन दिवसांनी कळतं, त्याचं आहे." त्यात तथ्य होतं. तेव्हापासून मोठी बातमी आधी घरात सांगायची असा मी माझ्यापुरता नियम केला. आयसीयूच्या दिवसांत मात्र नवरा टूरवर होता आणि मित्र हजर होता. तिथे नियमबियम कोण बघतो.

मेसेज पुसून टाकावेसे वाटू लागले, फोन घेऊन गच्चीवर जावंसं वाटू लागलं, तर का वाटतं ते आधी स्वतःलाच विचारा.

सरळ राखी बांधून टाकली तर? सगळ्यांची तोंडं बंद होतील.

तोंडं बंद होतील, खरं आहे. मानलेला भाऊ ही आपल्याकडची जुनी आणि उपयोगी सोय आहे. ज्या घरात मुलीला 'मित्र' म्हणायची चोरी आहे तिथे 'दादा' म्हणून ती त्याच्याशी बोलू शकते, दवाखान्यात सोबत नेऊ शकते. अशा मुलीला मी नावं ठेवणार नाही.

पण एक गंमत सांगते. आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट अशी : कृष्णाचं बोट कापतं, सुभद्रेला चिंधी सापडेना, द्रौपदी अंगावरचं भरजरी वस्त्र फाडते, आणि कृष्ण तिचा भाऊ होतो. व्यासांच्या महाभारतात मात्र ती स्वतःला त्याची सखी म्हणवते. वनपर्वात, काम्यक वनात पांडवांना भेटायला कृष्ण येतो तेव्हा ती त्याच्यासमोर सगळं बोलते. मी पांडवांची बायको, धृष्टद्युम्नाची बहीण, तुझी सखी, आणि मला सभेत ओढत नेलं. मला नवरे नाहीत, मुलगे नाहीत, भाऊ नाही, बाप नाही, आणि तूही नाहीस. एवढं तोंडावर ऐकूनही कृष्ण 'मी काय केलं?' म्हणून फुगून बसत नाही. ज्यांच्यावर तू रागावली आहेस त्यांच्या बायका अशाच रडतील, असा शब्द देतो. आपण तेव्हा का येऊ शकलो नाही, शाल्वाशी लढाईत कसे गुंतलो होतो, हे तो नंतर युधिष्ठिराला सांगतो. तिच्या रडण्यात मध्येच घुसवत नाही.

भावनिक आधाराचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. आणि आपण काय केलं, तर त्या सखीला सोयीसाठी बहीण करून टाकलं. भावाचं एक असतं : तो रक्षण करतो आणि त्याबदल्यात कुठे गेलीस, कोणाबरोबर गेलीस हेही विचारतो. सख्याला तो अधिकार नसतो. राखी बांधायची तर हे माहीत असू दे. आणि ज्याच्या मनात वेगळं आहे अशा मुलाला गप्प करायला राखी बांधू नका, त्याला नाही म्हणा.

सोसायटीत, गावात लोक बोलतात. काय करायचं?

शहरात थोडे दिवस बोलतात आणि कंटाळतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू वर्षभर "आज पाहुणे आले होते वाटतं" म्हणायच्या. मग एकदा त्यांचा गॅस सिलिंडर मित्राने उचलून वर नेऊन दिला, तेव्हापासून "तुमचा तो मुलगा बरेच दिवसांत दिसला नाही" असं झालं. मुलगा! पन्नाशीला आलाय.

गावात मात्र याची किंमत मुलगी मोजते. तिचं कॉलेज बंद होऊ शकतं, घाईघाईने लग्न लावलं जाऊ शकतं, जात वेगळी असेल तर त्याहून वाईट होऊ शकतं. तिथे 'बिनधास्त भेटा' असा सल्ला शहरात बसून देणं हा शहाणपणा नाही. ग्रंथालय, अभ्यासिका, तीन-चार जणांचा घोळका, एखाद्या मावशीचं घर, असं जे चालतं ते चालवावं. त्या मित्राने एवढं तरी समजावं की जोखीम दोघांची सारखी नाही.

ऑफिसातल्या मैत्रीत काही वेगळं?

एक फरक मोठा आहे : वरच्या हुद्द्यावरचा माणूस खालच्या हुद्द्यावरच्या मुलीला आपल्या संसाराची दुःखं सांगू लागला, तर ती 'नको' म्हणू शकत नाही. तो याला मैत्री समजतो, ती ड्यूटी. साहेबांनी आपलं मन साहेबांपाशी मोकळं करावं. आणि बोलण्याचं रूपांतर नकोशा गोष्टीत होऊ लागलं तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे.

आम्ही रोज दोन-दोन तास बोलतो, तरी बरं वाटत नाही. असं का?

तेच तेच दळताय का बघा. अमांडा रोज या अभ्यासकांनी २००२ साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीत हे दाखवलं. दोघांनी मिळून एकच अडचण उकरत बसलं तर मैत्री घट्ट होते, पण त्याबरोबर उदासी आणि चिंताही वाढलेली दिसते. मुलींमध्ये हे जास्त आढळलं. मोठेपणीही याला अपवाद नाही, हे मी अनुभवाने सांगते. एका वर्षी मी आणि मित्राने माझ्या एका वरिष्ठावर इतकी चर्चा केली की त्याच्या शर्टांचे रंगही आम्हाला पाठ झाले होते. बदलीचा अर्ज मात्र मी केला नव्हता.

आम्ही तोडगा काढला. एका विषयावर एका भेटीत अर्धा तास. मग चहा, मग दुसरं काहीही. क्रिकेट, भाजीचे भाव, त्याच्या मुलीचा गणिताचा पेपर.

मैत्री पुरत नाही हे कसं ओळखायचं?

झोप आणि जेवण दोन-तीन आठवडे बिघडलेलं आहे, अंघोळ-कामात मन नाही, 'मी नसलो तर बरं होईल' अशी भाषा येतेय, दारू वाढलीय, जवळच्या वस्तू वाटून टाकतोय. यातलं काही दिसलं तर तुम्ही एकट्याने किंवा एकटीने ते पेलायचं नाही. थेट विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

केंद्र सरकारची टेली मानस ही मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. त्याला नंबर पाठवून मोकळे होऊ नका, शेजारी बसून लावून द्या. धोका आत्ताचा असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, दवाखान्यात न्या. 'कोणाला सांगणार नाही' अशी शपथ घेतली असेल तर ती मोडा. नंतर रागावेल, रागावू दे.

पोलीस केस होईल या भीतीने लोक लपवतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, आणि तिला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असतात.

ती लग्न करून परदेशी गेली. आता कसं जमवायचं?

वार ठरवा. 'बोलू कधीतरी' म्हटलं की वर्ष जातं. लांबलचक आवाजी संदेश चालतात, भांडी घासताना ऐकता येतात.

मैत्री संपली. ब्रेकअप झाल्यासारखं रडू येतं, पण सांगणार कोणाला?

याला आपल्याकडे नाव नाही आणि रीतही नाही. प्रेम मोडलं तर निदान मैत्रिणी आईस्क्रीम घेऊन येतात. मित्र गेला म्हटलं तर "मग काय झालं, दुसरा मिळेल" म्हणतात. रडू येत असेल तर रडा, आणि ज्याला ही मैत्री माहीत होती अशा एकाला तरी सांगा.

माझा आणखी एक मित्र होता. कॉलेजात आम्ही तिघं होतो. त्याच्या लग्नानंतर दोन वर्षांनी त्याने एका ओळीचा निरोप पाठवला, यापुढे फोन नको. कारण विचारलं नाही, अंदाज होता. त्याची आई अजून कल्याणलाच असते. दर दिवाळीत मी त्यांना फोन करते. त्या चकलीचं विचारतात, यंदा भाजणी कोणाकडून आणली विचारतात. त्याच्याबद्दल त्या काही सांगत नाहीत, मी विचारत नाही. ठेवताना म्हणतात, "इकडे आलीस की ये हो."